मोबाईलवरचा जुगार: कायदा नेमका कुणाला धरतो?

मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करतो. मार्केट यार्डाच्या अलीकडे दोन खोल्यांचं ऑफिस आहे. येणारे म्हणजे अडते, हळदीचे व्यापारी, दोन-चार बेकरीवाले आणि फॉर्म सोळा घेऊन शेवटच्या आठवड्यात धावत येणारे नोकरदार. रिटर्न भरायचं तर बँकेचं स्टेटमेंट बघावं लागतं, आणि घरच्यांपासून लपवलेलं बरंच काही त्या कागदावर छापलेलं असतं.

२०२५ च्या दिवाळीनंतर एक ओळखीचे दिवाणजी मुलाला घेऊन आले. स्वतः चाळीस वर्षं एकाच अडतीवर कीर्द-खतावणी लिहिलेला माणूस. मुलगा पंचविशीतला, दुचाकीच्या शोरूममध्ये कामाला. पगाराचं खातं बँकेनं अडवलं होतं. एटीएममधून पैसे निघेनात, गाडीचा हप्ता बाउन्स झालेला. शाखेत विचारलं तर 'परराज्यातल्या सायबर पोलिसांची सूचना आहे', यापलीकडे कुणी बोलेना.

स्टेटमेंट उघडलं. पाचशे, पाचशे, हजार, पाचशे, दोन हजार. यूपीआय ॲपमध्ये वेळा बघितल्या: रात्री १.१२, १.१४, १.१९, १.३१. पैसे दर वेळी वेगळ्याच नावावर गेलेले. कधी कुठलंसं किराणा स्टोअर, कधी कोण ट्रेडर्स, एकदा तर चक्क ब्युटी पार्लर. मधूनच एखादी जमा, ३,४०० ची, ६,००० ची. खातं का अडलं ते मला त्या जमा बघून कळलं. दिवाणजींच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. "साहेब, ह्याला आत घालत्यात का?"

आत घालत नाहीत, असं मी सांगितलं. तेवढ्यावर ते उठायला लागले, म्हणून म्हटलं, बसा, चहा येतोय, कारण 'आत घालत नाहीत' म्हणजे 'सुटला' असा अर्थ होत नाही. त्या दिवशी तासभर जे बोललो तेच इथं नीट मांडतोय.

दिवाणजींनी पहिला मुद्दा काढला तो सांगलीच्या माणसालाच सुचावा असा. "आमच्याकडं हळदीचा वायदा चालतो. माल हरिपूरच्या पेवात आणि भाव कागदावर. त्यात पण लोक बुडाले. मग ते कायदेशीर आणि हे का नाही?" आपल्याकडचा मटका तर थेट वायद्याच्याच पोटी जन्मलेला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला येणाऱ्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर लोक पैसे लावायचे, त्यालाच ओपन-क्लोज म्हणायचे. पुढे कापसाचे भाव येणं थांबलं आणि माठातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. भाव गेला, नुसता आकडा राहिला.

कायद्याची रेघ साधारण तिथूनच जाते. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल आहे. पैज म्हणजे काय, तर ज्या घटनेवर दोघांनी पैसे लावलेत तिच्याशी त्या दोघांचा पैशाखेरीज काही संबंध नसतो. हळदीच्या वायद्यात मालाशी संबंध असतो, शेवटी माल द्यायची-घ्यायची सोय असते, आणि व्यवहार सेबी या बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नजरेखालच्या एक्स्चेंजवर होतो. (यार्डात काही जण 'डब्बा' चालवतात, म्हणजे एक्स्चेंजच्या बाहेर तोंडी सौदे. तो गुन्हाच आहे, आणि दिवाणजींनाही ते चांगलं ठाऊक होतं. त्यांनी विषय बदलला.)

आता पत्ते. आपल्या राज्यघटनेत 'पैज आणि जुगार' हा विषय राज्यांच्या यादीत आहे, ३४ वी नोंद. म्हणून शेजारशेजारच्या राज्यांत वेगवेगळे नियम. महाराष्ट्रात जुन्या मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. जुगाराचा अड्डा चालवणारा, तिथं सापडलेला खेळाडू, आकडा लिहिणारा, सगळे त्यात येतात. सुटका फक्त 'कौशल्याच्या खेळाला'. झालं, पुढची साठ-सत्तर वर्षं वकिलांची कमाई या एका शब्दावर झाली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं बक्षीस स्पर्धांच्या प्रकरणात सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हेच, त्यामुळे व्यापाराच्या मूलभूत हक्काचं संरक्षण त्याला मिळणार नाही. १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, कारण कुठलं पान ठेवायचं, कुठलं टाकायचं हे लक्षात ठेवावं लागतं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीलाही हेच लागू झालं. मोबाईल आल्यावर रमीची ॲपं आणि क्रिकेटची टीम बनवायची ॲपं याच दाराने आत आली. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये टीम बनवायच्या खेळाला कौशल्याचाच मानलं होतं.

आणि मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं ते दारच काढून टाकलं. 'ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन' असं भारदस्त नाव असलेलं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. नाव प्रोत्साहनाचं असलं तरी खरा दणका बंदीचा आहे. त्यातली व्याख्या साध्या मराठीत अशी: पैसे भरून, त्या बदल्यात पैसे जिंकायच्या अपेक्षेनं खेळला जाणारा कुठलाही ऑनलाइन खेळ हा 'पैशांचा खेळ', मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम, यातून वेगळे काढलेत. नुसतं करमणुकीचं लुडो खेळत बसायलाही कुणाची हरकत नाही.

साठ वर्षांचा वाद एका 'असो' मध्ये मिटवला म्हणा, किंवा मिटवायचा प्रयत्न केला म्हणा. कंपन्या कोर्टात गेल्याच, आणि निरनिराळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतली.

या कायद्याची शिक्षा तीन जणांना आहे. पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याचे पैसे फिरवणाऱ्याला, म्हणजे बँक असो वा पेमेंट कंपनी, तितकंच. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. चालवणं आणि पैसे फिरवणं हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. दुसऱ्यांदा सापडला तर शिक्षा वाढते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारनं त्याला पीडित धरलंय.

इथं एक गंमत आहे. सांगलीतल्या एखाद्या गल्लीत झाडाखाली तीन पत्ती खेळताना दिवाणजींचा मुलगा सापडला असता तर १८८७ च्या कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला असता, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या. तोच डाव मोबाईलवर खेळला तर केंद्राच्या लेखी तो बिचारा.

चालवणाऱ्यांचं काय झालं ते बघू, कारण सगळ्यांत मोठी उलथापालथ तिथं झाली, आणि ती बंदीच्या दोन वर्षं आधीच सुरू झाली होती. जीएसटीमुळे.

पूर्वीचा हिशेब असा. दहा जणांनी दहा-दहा रुपये टाकले, शंभरचा डाव झाला. कंपनी आपली फी म्हणून समजा दहा ठेवते आणि नव्वद जिंकणाऱ्याला देते. कंपन्या त्या दहावर १८ टक्के कर भरायच्या, म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे. जीएसटी खात्याचं म्हणणं, कर शंभरावर द्या आणि २८ टक्क्यांनी द्या. म्हणजे अठ्ठावीस रुपये! कमाई दहाची आणि कर अठ्ठावीस. बंगळूरच्या एका कंपनीला २०२२ मध्ये सुमारे २१,००० कोटींची नोटीस गेली ती याच वादातून. अखेर १ ऑक्टोबर २०२३ पासून नियमच स्पष्ट केला: खेळाडू जी रक्कम भरेल त्या पूर्ण रकमेवर २८ टक्के. खेळायला शंभर रुपये हवेत तर खिशातून एकशे अठ्ठावीस. जिंकलेले पैसे पुन्हा डावात लावले तर त्यावर परत कर नाही, एवढीच सवलत. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. तोपर्यंत ऑनलाइनवाल्यांनी शटर ओढलं होतं, त्यामुळे ते ४० टक्के खरे बसले ते गोव्याच्या कॅसिनो बोटींना आणि रेसकोर्सला.

बोटींचं नाव निघालं की सांगलीत ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. लग्नाआधी मित्रांची गाडी पणजीला जाऊन आली नाही असं घर शोधावं लागेल. मांडवीतले कॅसिनो चालू आणि मोबाईलवरचा बंद, हे कसं? तर बोट ऑनलाइन नाही, त्यामुळे केंद्राचा नवा कायदा तिला लागतच नाही, आणि गोव्यानं आपल्या १९७६ च्या कायद्यात नंतर दुरुस्त्या करून परवाने दिलेत. गंमत म्हणजे गोव्याच्याच रहिवाशाला फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत जाऊन खेळायला बंदी आहे. आपल्या माणसांनी खेळू नये पण सांगली-बेळगावच्या लोकांनी खुशाल यावं, असा तो हिशेब. महाराष्ट्राचाही १९७६ चाच एक कॅसिनो कायदा होता. मंजूर झाला, पण कधी लागू झाला नाही. जवळजवळ पन्नास वर्षं कपाटात पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द केला. मधूनमधून कुणीतरी परवाना मागायला कोर्टात जायचं म्हणून सरकारनं ती कटकटच संपवली.

आता पुढचा प्रश्न. परदेशात ऑनलाइन कॅसिनो परवान्यावर चालतात, मग तिथला कायदा काय बघतो? हे समजायला मटका आणि रूलेट शेजारी ठेवा. मटक्यात एका अंकाला दहाला नव्वद मिळतात. अंक दहा, म्हणजे दर शंभर रुपयांतले सरासरी दहा चालवणाऱ्याचे. रूलेटच्या चाकावर सदतीस खाने, एका खान्यावर लागलं तर छत्तीस पट हातात येतात. म्हणजे शंभरातले सरासरी दोन रुपये सत्तर पैसे चालवणाऱ्याचे. कागदावर रूलेट मटक्यापेक्षा चौपट भलं! पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटतो. रोज शंभर लावणारा सरासरी दहा रुपये घालवून घरी जातो. मोबाईलवरचं चाक वीस सेकंदाला फिरतं. तासाला एकशे ऐंशी फेऱ्या, शंभरनं लावले तर अठरा हजारांची उलाढाल, आणि तिचे २.७ टक्के म्हणजे ४८६ रुपये. एका तासात. खिशात हजारच घेऊन बसलेला माणूस अठरा हजार 'खेळतो' तो असा, तेच हजार पुन्हापुन्हा फिरवून. चालवणारा टक्क्यावर कमी आणि वेगावर जास्त जगतो.

म्हणून ब्रिटनचा नियम वेगाला हात घालतो. तिथं ऑनलाइन स्लॉटची, म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवायच्या खेळाची, एक फेरी अडीच सेकंदांपेक्षा लवकर होता कामा नये, आणि कॅसिनोच्या इतर बहुतेक खेळांना जानेवारी २०२५ पासून पाच सेकंदांची अट आली. स्लॉटच्या एका फेरीला लावायची रक्कमही बांधली: पंचवीस आणि त्यावरच्या वयाच्यांना पाच पौंड, अठरा ते चोवीस वयाच्यांना दोन पौंड. क्रेडिट कार्डनं जुगार २०२० पासून बंद. आणि एक सोय मला फार महत्त्वाची वाटते. माणसानं एका ठिकाणी नाव नोंदवलं की परवानाधारक सगळ्या साइट त्याला दार बंद करतात, सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं. जर्मनीत २०२१ पासून सगळ्या साइट मिळून महिन्याला साधारण एक हजार युरोपर्यंतच भरता येतात. हे सगळं करताना तिथल्या कॅसिनोवाल्यांचा नफा घटतो, कर वाढतात, ते कुरकुरतात, लहान कंपन्या मोठ्यांत विलीन होतात. पण कायदा हातात धरायला एक परवाना तरी असतो. नियम मोडला तर तो काढून घेता येतो.

आपण दुसरी वाट धरली. बंदीला माझा विरोध नाही. रमीच्या जाहिराती गेल्या याचं मला सुतकही नाही; विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाईलवर पत्ते दिसल्याचा व्हिडिओ जुलै २०२५ मध्ये गाजला (खेळत होतो हे मंत्र्यांनी नाकारलं), तेव्हाच हे प्रकरण कुठवर पोचलंय ते कळलं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. बंदी होताच ज्या कंपन्या बंद पडल्या त्या पॅन घेणाऱ्या, आधार तपासणाऱ्या, टीडीएस कापणाऱ्या होत्या. कायदा मानणारे गेले आणि न मानणारे राहिले.

दिवाणजींच्या मुलाचं हेच झालं. २०२४-२५ च्या त्याच्या कराच्या तक्त्यात आयकर कायद्याच्या १९४ बीए कलमाखाली एका भारतीय ॲपनं कापलेला टीडीएस दिसत होता, १,२६० रुपये. म्हणजे तेव्हा तो उजेडात खेळत होता. ऑगस्टमध्ये ते ॲप बंद झालं आणि दहा-बारा दिवसांत एका मित्रानं त्याला 'आयडी' दिली, म्हणजे परदेशी साइटवर खेळायचं खातं.

इथं येतो मधला माणूस. परदेशात याला ॲफिलिएट म्हणतात, आपल्याकडे 'आयडी देणारा', 'पॅनलवाला', किंवा नुसतं 'भाई'. याचं काम खेळाडू आणून देणं. मोबदल्याच्या दोन रीती. एक, माणशी ठरावीक रक्कम. दुसरी, खेळाडू जितका हरेल त्यातला हिस्सा, आणि तोही महिनोन्महिने. दुसऱ्या रीतीचा अर्थ नीट समजून घ्या. टेलिग्रामवर 'आजची पक्की टिप' देणारा जो आहे, त्याची कमाई तुमची टिप चुकण्यावर आहे. महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या तपासात ईडीनं म्हटलं होतं की 'पॅनल' नावाच्या शाखा ओळखीच्या माणसांना सत्तर-तीसच्या हिश्शानं वाटल्या जात. फ्रँचायझीच ती, वडापावच्या गाडीसारखी. मुख्य माणूस परदेशात, हिशेब त्याच्याकडे, आणि वसुलीला गल्लीतला पोरगा.

ब्रिटनमध्ये ॲफिलिएटनं खोटी जाहिरात केली तर जबाबदारी परवानाधारक कॅसिनोची धरतात. तो धाक एवढा की २०१७ मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीनं आपली ॲफिलिएट योजनाच गुंडाळली. आपल्याकडे आता थेट त्या माणसालाच धरता येतं. कायद्याची भाषा रुंद आहे: जाहिरात करणं, करवून घेणं, तिला मदत करणं, कुठल्याही माध्यमातून. सेलिब्रिटी त्यात आले, रीलच्या खाली लिंक टाकणारे आले, आणि ग्रुपवर 'माझ्या कोडनं जॉइन व्हा, पाचशे बोनस' असं टाकणारेही येऊ शकतात. पूर्वी या साइट जर्सीवर आणि होर्डिंगवर आपल्या नावापुढे 'न्यूज' लावून यायच्या, जणू क्रिकेटच्या बातम्या देणारी संस्था. केंद्राच्या माहिती खात्यानं २०२२ मध्येच त्यावर दोनदा सूचना काढल्या होत्या. दारूच्या कंपनीनं सोडा विकावा तसला तो प्रकार.

तासगावकडचा एक मुलगा मागे आला होता, कुस्तीच्या रील बनवतो, फॉलोअर बरेच. मला म्हणाला, "सर, एका ॲपचं प्रमोशन केलंय, साठ हजार आलेत, कुठल्या कोडमध्ये दाखवू?" मी म्हटलं, उत्पन्न दाखवावंच लागेल, बेकायदा धंद्याच्या कमाईलाही आयकर लागतोच. पण आधी ती रील काढ आणि मग वकिलाकडे जा, कोडचं नंतर बघू. तो हिरमुसला. त्याला वाटलं होतं, जीएसटी नंबर काढून दिला की काम झालं.

आता खेळणारा. त्याला शिक्षा नाही, पण त्याच्या पाठीशी तरी काय आहे?

करापासून सुरू करतो, माझा तोच धंदा. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी. एरवी ठरावीक रकमेपर्यंत कर लागत नाही ती सूट इथं चालत नाही. हरलेली रक्कम पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही. परदेशी साइट टीडीएस कापत नाही, म्हणून 'कुणाला कळतंय' असं वाटतं. पैसे तुमच्याच बँक खात्यात आलेत हे मात्र लोक विसरतात.

दुसरं, जिंकलेले पैसे दिले नाहीत तर? पोरगा सांगत होता की त्याच्या आयडीवर बावीस हजार 'दिसत' होते. विड्रॉल टाकला की उत्तर यायचं, आधी पाच हजार भरा, मग व्हेरिफिकेशन होईल. पाच भरले, मग आणखी तीन मागितले. तक्रार कुठं करणार? पैजेचा करार रद्दबातल, ग्राहक मंच त्यासाठी नाही, कंपनीचा पत्ता कुठल्याशा बेटावरचा. आयडी देणारा भाई म्हणतो, वरून अडलंय. फसवणूक झाली म्हणून १९३० या नंबरवर तक्रार करता येते आणि करावी. पहिल्या काही तासांत केली तर पैसे वाटेत अडण्याची शक्यता असते. तो गेला होता अडीच महिन्यांनी.

तिसरं, ते अडवलेलं खातं. परदेशी साइट भारतात स्वतःच्या नावानं खातं उघडू शकत नाही. म्हणून ती भाड्याची खाती वापरते. कॉलेजच्या मुलाला महिन्याला चार-पाच हजार द्यायचे, त्याचं पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड घ्यायचं, संपलं. ते किराणा स्टोअर आणि ब्युटी पार्लर म्हणजे हीच खाती. आणि या खात्यांतून फक्त जुगाराचा पैसा फिरत नाही. कुठल्या तरी राज्यातल्या निवृत्त शिक्षकाला 'डिजिटल अटक' सांगून लुटलेले पैसेही त्यातच येतात. शिक्षकानं तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत जातात: हे खातं, तिथून ते खातं, तिथून दिवाणजींच्या मुलाचे ३,४०० रुपये. त्याला वाटलं आपण जिंकलो. ते पैसे शिक्षकाचे होते.

अशा साइट आणि खात्यांवरची कारवाई बरीच झाली आहे. मार्च २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयानं सांगितलं होतं की जीएसटी गुप्तचर विभागानं ३५७ साइट बंद केल्या आणि सुमारे सातशे परदेशी कंपन्या रडारवर आहेत. पण साइट बंद केली की तीच साइट शेवटी एक अंक वाढवून दुसऱ्या दिवशी हजर. खातं बंद केलं की त्रास होतो तो भाड्याने दिलेल्याला आणि मधे अडकलेल्याला. खातं भाड्याने देणाऱ्यानं तर 'मला काय माहीत' म्हणून चालतच नाही. पैसे फिरवायला मदत करणारा म्हणून गुन्ह्यात पहिलं नाव त्याचं निघतं. मिरजेच्या, सांगलीच्या होस्टेलवर मुलं ठेवलेल्या आई-बापांनी या लेखातलं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढा परिच्छेद मुलाला पाठवा.

आम्ही काय केलं ते सांगतो. बँकेला लेखी अर्ज देऊन तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि वादातली नेमकी रक्कम मागितली. ती निघाली ३,४००. मग त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला ईमेल: स्टेटमेंट, पगाराची स्लिप, आणि पैसे कसे आले याची खरी हकीकत. मुलाला ती लिहायची लाज वाटत होती. 'मित्रानं उसने परत केले' असं लिहूया म्हणाला. मी म्हटलं, अजिबात नाही, खेळला याची शिक्षा नाही, खोटं लिहिल्याचं मात्र प्रकरण होईल. वादातली रक्कम सोडून बाकी खातं मोकळं करावं अशी विनंती केली. काही उच्च न्यायालयांनी असं म्हटलेलं आहे, त्याचा आधार दिला. सात आठवडे गेले. ३,४०० तेवढे अडवलेलेच राहिले, उरलेलं खातं सुटलं.

सगळं आवरल्यावर दिवाणजी एकटेच पुन्हा आले. येताना भडंगाचं पुडकं. बसले आणि म्हणाले, अजून एक आहे. पोरानं शोरूममधल्या एका सोबत्याकडून चाळीस हजार घेतलेत. सोबत्याला माहीत होतं कशाला पाहिजेत ते, तोही खेळतो. आता तो रोज मागतोय.

मी उठून कपाटातलं पुस्तक काढलं. मुंबई इलाख्यात १८६५ साली झालेला एक छोटासा कायदा आहे, महाराष्ट्रात आजही चालतो. पैज लावायला मदत म्हणून जाणूनबुजून केलेला कुठलाही व्यवहार रद्दबातल, आणि त्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. मूळ करार कायद्यापेक्षा एक पाऊल पुढं. मी ते कलम त्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, दिवाणजी, कायद्यानं तो तुमच्याकडून एक रुपया वसूल करू शकत नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कोर्टात जाणार न्हाई ते कळलं. पण पोरगं त्याच्यासंगं रोज एका डब्यात जेवतंय. द्यायलाच लागणार की." आणि खिशातून डायरी काढून मला विचारलं, महिन्याला चारनं दिले तर दहा महिने, मधे हळदीचा सीझन येतोय, बोनस मिळाला तर आठ, बरोबर आहे ना?